खिडक्यांचं लुकण आणि बंबाची दोरी

वाईच्या आमच्या वाड्याचं काम काढलं आणि पहिल्याच दिवशी रंगारी ब्लो लॅम्प, म्हणजे ज्योतीचा झोत मारणारा दिवा, घेऊन हजर. तावदानांभोवतीचं जुनं लुकण, म्हणजे काच पक्की बसवायची पुट्टी, तापवून सोलायचं, असा त्याचा बेत. एक खपली निघाली आणि खाचेत भडक केशरी थर दिसला. थेट मारुतीच्या शेंदरासारखा. मूळचा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, हे आठवलं आणि मी ब्लो लॅम्प बंद करायला लावला. तापवलं की शिसं धुरातून छातीत जातं, आणि घरात लहान मुलं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको, हा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला. आमच्या खिडक्या आजोबांच्या वेळच्या. शिसं तपासायची काडी मागवून घासली. गुलाबी झाली, म्हणजे शिसं होतंच.

लुकण ओळखणं सोपं गेलं. चुरा लिंबाच्या रसात फसफसला, म्हणजे खडू. आणि चुरडताना जवसाच्या तेलाचा खवट वास आला.

चौकटींच्या सांध्यांतलं काळपट भरण मात्र मी डांबर समजत होतो. गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी सुई तापवून त्यात टोचली नि माझ्या नाकाशी धरली. "डांबर न्हाई, राळ हाय. आमचं वडील तेलात कढवून भरायचं." खरंच, देवघरातल्या धुपासारखा वास होता. राळ अजून घट्ट होती, तिला हात लावला नाही.

खरी भीती न्हाणीघरात होती. बंबाचं धुराडं छपरातून जातं तिथे पांढरी, लोकरीसारखी दोरी ठासलेली. काका ती उपटणार तोच मी त्यांचा हात धरला. उष्णता सोसणारी अशी दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची, म्हणजे खनिज तंतूंची, असू शकते; ते नुसतं बघून ओळखता येत नाही आणि सुटे तंतू फुप्फुसात कायमचे अडकतात. मास्क लावून, पाणी फवारून नखाएवढा तुकडा घेतला, दोन पिशव्यांत बंद करून पुण्याच्या प्रयोगशाळेत दिला. सूक्ष्मदर्शकाखाली क्रिसोटाइल निघालं, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस. ती दोरी या कामातल्या माहितगार माणसांकडूनच काढून घेतली.

खिडक्यांचं लुकण आम्ही ओलं करत करत पटाशीने काढलं, मुलांना आत्याकडे ठेवून. सिलिकॉन भरा म्हणून सगळ्यांनी सुचवलं, पण मला जुनंच हवं होतं. खडूची पूड आणि जवसाचं तेल आईने परातीत कणकेसारखं तिंबलं. काका शेजारी बसून सांगत होते, "हाताला चिकटायचं थांबंस्तोवर मळा, वहिनी."