समोरच्या दाताचं इम्प्लांट, माझे दहा महिने

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये शाळेतून घरी येताना जुळे सोलापुरात पाण्यात खड्डा दिसला नाही, गाडी घसरली आणि तोंड सरळ हँडलवर आपटलं. वरचा समोरचा उजवा दात मोडला. रूट कॅनल करून वाचेल असं वाटत होतं पण एक्स-रेत मुळालाच चीर दिसली, म्हणजे काढावाच लागणार. एका ठिकाणी ब्रिज सांगितला, म्हणजे शेजारच्या दातांना धरून बसणारा नकली दात, आठ दिवसात मोकळं करतो म्हणले, पण त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करायचे, ते काही मनाला पटेना. म्हणून इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दाताची कॅप.

दुसऱ्या डॉक्टरांनी स्कॅन काढून नीट दाखवलं की समोरच्या दातापुढचं हाड फार पातळ असतं, दात काढला की ते आत बसत जातं, म्हणून दात काढला त्याच दिवशी त्या खड्ड्यात हाडाची पावडर भरली आणि चार महिने थांबायला सांगितलं. तेवढ्या काळासाठी एक काढता-घालता येणारा दात दिला, त्याला टाळूला चिकटून बसणारी गुलाबी प्लेट.

खरं सांगू का, सगळ्यात अवघड काय गेलं तर ही प्लेट. ऑपरेशन नाही. मी चौथीला शिकवते, दिवसभर बोलणं. प्लेट घातली की "स" निघेचना, नुसती हवा. रात्री भांडी घासता घासता "सोलापूर, सिद्धेश्वर, सात रस्ता" म्हणत बसायची, आमच्या गावाची नावंच अशी की स चुकवून बोलताच येत नाही. वर्गात एक पोरगी उठून म्हणली, "बाई, तुमचा आवाज बदललाय का?" मी हो म्हणलं, पुढचा धडा काढा म्हणलं, आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊन रडले. दातासाठी एवढं काय रडायचं असं घरचे म्हणतात, पण समोरचा दात म्हणजे आपला चेहरा आहे हो. रात्री प्लेट काढून वाटीत ठेवायची तेव्हा मी नवऱ्याकडेसुद्धा बघून हसत नव्हते.

डिसेंबरमध्ये स्क्रू बसवला. भूल दिल्यावर दुखलं नाही, नुसता दाब आणि मशीनचा घरघर आवाज. दोन दिवस ओठ सुजला, दहाव्या दिवशी टाके काढले. स्क्रू निघून तर येणार नाही ना ही भीती मात्र महिनाभर होती. मग वाचलं की टायटॅनियमला हाड स्वतःच धरतं, स्वीडनच्या ब्रानेमार्क यांना हे सशाच्या हाडावर काम करताना दिसलं आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाला असे दात बसवले, तेव्हा जरा जीव शांत झाला. जानेवारीत आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र सगळ्या फोटोत ओठ मिटलेलेच, नंदीध्वजासमोर काढलेल्या फोटोतसुद्धा.

एप्रिलमध्ये स्क्रूवर तात्पुरती कॅप बसली. हिरडीला आकार यावा म्हणून ती दोन महिने ठेवली, घाई केली तर दोन दातांमध्ये हिरडीजवळ काळी फट दिसते म्हणले. प्लेट गेली आणि त्याच दिवशी स परत आला! घरी येऊन आईला फोनवर सासूबाई, साखर, शेंगा काय वाट्टेल ते बोलत बसले. पक्क्या कॅपचा रंग खिडकीपाशी सकाळच्या उजेडात जुळवला, तोही अगदी सुरुवातीलाच, कारण तोंड उघडं ठेवून दात वाळले की पांढरे दिसतात आणि मग रंग चुकतो. जूनमध्ये पक्की कॅप बसली.

आता कसं वाटतं, हे लोक विचारतात. बघणाऱ्याला ओळखू येत नाही, हिरडी शेजारच्यापेक्षा केसभर वर आहे ती मलाच दिसते. पण आतून तो दात वेगळा आहे. आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक धागे असतात, त्यानं दाब कळतो, इथं ते धागे नाहीत, स्क्रू थेट हाडात. त्यामुळे काही चावलं की शेजारच्याला कळतं, हा मात्र दगडासारखा मुका. पहिले काही आठवडे जीभ सारखी तिथंच जायची, आता दिवसदिवस आठवत नाही. कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर खाते पण तुकडा बाजूच्या दातानं मोडून, पेरू आणि ऊस समोरच्या दातानं नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती म्हणून मुद्दाम लिहिते. हा दात किडत नाही हे खरं, पण बाजूची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं आणि बऱ्याचदा दुखत नाही म्हणून आपल्याला कळतच नाही. रोज रात्री फ्लॉस लावते. गेल्या महिन्यात फ्लॉसला रक्त दिसलं, दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर गेले, साफ करून एक्स-रे काढला, हाड जागेवर होतं. पुढची तारीख सहा महिन्यांनी दिलीय.