मापाच्या आत चिकटलेलं तेल

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न असा होता: तोराचे, म्हणजे ज्यूंच्या पाच धर्मपुस्तकांचे, तेच 54 भाग दर वर्षी वाचायचे, सिमहात तोरा या सणाला पुन्हा पहिल्या ओळीवर यायचं, यातून रोजच्या वागण्यात काय उतरतं?

एकच परशा, म्हणजे आठवड्याचा भाग, घेऊ: ‘की तेत्से’, ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाच्या 21 ते 25 अध्यायांतला. तो एलुल या ज्यू महिन्यात येतो, रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आधी. परंपरेच्या मोजणीने तोरातल्या 613 आज्ञांपैकी 74 याच भागात आहेत: छताचा कठडा, शेतात विसरलेली पेंढी, सूर्य मावळण्याआधी द्यायची मजुरी. शेवटाकडे मापांच्या चार ओळी. थैलीत एक मोठं नि एक लहान अशी दोन वजनं नकोत, घरात दोन मापं नकोत.

मापात पाप करू नये हे कुणाला ठाऊक नाही? म्हणून लोक इथे थांबत नाहीत. थांबायला हवं ते इथेच. मिश्ना, म्हणजे ज्यू तोंडी कायद्याचा जुना संग्रह, त्यातल्या बाबा बात्रा या भागाचा पाचवा अध्याय काढा. दुकानदाराने मापं आठवड्यातून दोनदा पुसावीत, वजनं एकदा, आणि तराजू दर वेळी वजन झालं की. तेल आतून चिकटतं, त्याचा थर चढतो आणि माप तेवढं लहान होतं. गिऱ्हाईक नाडायला काटा मारावा लागत नाही, फडकं न फिरवणंही पुरतं! तेल विकणाऱ्याने माप ओतून झाल्यावर आणखी तीन थेंब पडू द्यायचे. त्यानंतर माप कलतं ठेवून जे निथळेल ते विकणाऱ्याचं. किरकोळ दुकानदाराला मात्र थेंबांची सक्ती नाही.

तालमूद, म्हणजे मिश्नावरची चर्चा, आणखी खोलात जातो. वजनं धातूची नकोत, ती झिजतात; दगडाची किंवा काचेची करा. धान्य सपाट करायची पट्टी भोपळ्याची नको, हलकी असल्याने वर धान्य राहतं आणि विकणारा बुडतो. धातूचीही नको, जड असल्याने जास्त ओढून नेते आणि घेणारा बुडतो. खोटं माप घरात लघवीचं भांडं म्हणूनही ठेवू नये, कारण तिन्हीसांजेच्या घाईत कुणी त्यानेच मापून देईल. माणसाची नियत चांगली असली तरी भांडं खोटंच राहतं, आणि हा नियम त्या भांड्यासाठी आहे. मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो.

कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. तेलाच्या मापाची गोष्ट आपल्याला परकी नाही.

वाचायची जुनी रीत म्हणजे मूळ दोनदा, भाषांतर एकदा. परशाचे सात भाग असतात, रविवारपासून रोज एक घ्या. सगळं शनिवारवर टाकलं की गडबड होते: मजुरी आणि मापं दोन्ही सातव्या भागात आहेत, त्यांच्या लगेच मागे इस्राएलवर वाटेत हल्ला करणाऱ्या अमालेकची आठवण येते आणि लक्षात तेवढा अमालेक राहतो. मध्ययुगीन भाष्यकार राशी मात्र मापं आणि अमालेक जोडून दाखवतात: मापं खोटी केलीत तर शत्रूच्या चढाईची धास्ती बाळगा.

आता ‘दर वर्षी का’ याचं उत्तर. ठोक व्यापाऱ्याने मापं 30 दिवसांतून एकदा पुसावीत, असं तीच मिश्ना सांगते, आणि घरच्या माणसाने 12 महिन्यांतून एकदा. रब्बान शिमोन बेन गमलिएल उलट म्हणतात: रोजच्या वापरातलं माप स्वच्छ राहतं, क्वचित काढलेल्यातच थर वाळून बसतो. त्यांचं ऐकलं, तर ‘की तेत्से’च्या आठवड्यात फडताळातलं मागचं माप आधी काढा.