पायपेटी, नोंद सातवी: हॉस्टेलात गप्प, चर्चमध्ये सुरू

सलाम मंडळी.

चर्चची एक जुनी पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची पेटी, मी दुरुस्त करतोय. तिच्या मधल्या सप्तकातला ‘ई’ (E) हा सूर पट्टी न दाबताच वाजायचा. सहाव्या नोंदीच्या शेवटी मी लिहिलं होतं की हा विषय संपला. तो संपलेला नव्हता.

गेल्या महिन्यात पेटी टेम्पोत घालून परत नेवासे तालुक्यातल्या चर्चमध्ये नेली. दिवाळीच्या सुट्टीपासून ती पुण्यात, आमच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजच्या हॉस्टेलच्या जिन्याखाली होती. तिथे शेवटचे तीन आठवडे ई एकदाही आपोआप बोलला नाही. रोज चॅपलच्या आधी अर्धा तास आणि रात्री अभ्यास आटोपल्यावर मी ती वाजवत होतो. पेटी लागली अशी माझी पक्की खात्री झाली होती. रविवारी उपासनेत पहिलं गीत नीट पार पडलं. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, मी पट्ट्यांवरून हात काढले आणि ई एकटाच वाजत राहिला. पाय थांबवले तरी मोठा भाता भरेपर्यंत सात-आठ सेकंद तो सूर चालूच होता. सगळी मंडळी डोळे मिटून उभी होती, म्हणून ते सेकंद मला फार लांब वाटले.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना आठवत असेल, ही हवा आत ओढणारी पेटी आहे, आपल्या हातपेटीसारखी हवा बाहेर फुंकणारी नाही. ६१ पट्ट्या, सुरांच्या दोन ओळी, म्हणजे १२२ सूर (सूर म्हणजे हवेने थरथरणारी पितळी जीभ). नावाची पाटी गेलेली आहे. अशा पेटीत झडपा मधल्या फळीच्या खालच्या बाजूला, पोकळीत असतात. बाहेरची हवा वरून दाबते, म्हणजे झडप उघडायलाच बघते. तिला मिटून ठेवायचं सगळं काम स्प्रिंगचं. म्हणून आपोआप सूर बोलला की आपण आधी स्प्रिंगवर संशय घेतो, मग झडपेच्या कातड्यावर, मग मध्ये अडकलेल्या कचऱ्यावर. पाचव्या आणि सहाव्या नोंदीत मी याच क्रमाने गेलो होतो. ईची स्प्रिंग बदलली, कातडं नवं लावलं, झडपेची बैठक घासून सपाट केली.

कातड्याबद्दल एक सांगतो. ऑनलाइन मागवलेलं ‘पेटीचं कातडं’ फार कडक निघालं, झडपेवर बसवल्यावर कडेने उचलायचं. शेवटी एका जुन्या पेटीवाल्या काकांनी त्यांच्या डब्यातला मेंढीच्या मऊ कातड्याचा तुकडा दिला. बोटांत धरून दुमडला तर घडी राहत नाही, ही त्यांची कसोटी. मला ती कुठल्याही मापापेक्षा खरी वाटते. नमदा (दाबलेल्या लोकरीचं कापड) आणि बारीक स्क्रू मात्र पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात. तिथे तासभर हाताळून घ्यावेत, फोनवर मागवू नयेत.

तर रविवारी उपासना संपल्यावर मी साधी परीक्षा केली. पाय मारत राहिलो आणि ईची पट्टी नखाने जरा वर उचलली. सूर थांबला. सोडली, सुरू झाला. म्हणजे झडप निर्दोष होती. पट्टीच खालच्या काडीला सतत किंचित दाबून धरत होती. (पट्टी आणि झडप यांच्यामधली लाकडी काडी. तिला मराठीत काही खास नाव असेल तर कळवा, मी काडीच म्हणतो.)

इथे मी चूक केली, आणि ती सविस्तर लिहितो म्हणजे कुणी तसं करणार नाही. काडी लांब आहे असं समजून मी ती बाहेर काढली आणि झिरो नंबरच्या पॉलिशपेपरवर तिचं टोक घासलं. चार ओढ घासायचं, बसवायचं, वाजवून बघायचं. चौथ्या वेळी ई गप्प झाला. मी आनंदाने पट्ट्यांची चौकट आवळली, तर शेजारचा एफ बोलू लागला. एफची काडी घासली, तर ई परत सुरू. संध्याकाळी सहाच्या एस.टी.ने निघायचं होतं. मी दोन्ही काड्या खिशात घालून पुण्याला आलो, कारण सोमवारी सकाळी ग्रीकचा पेपर होता.

आठवडाभर डोक्यात तेच. हॉस्टेलात तीन आठवडे चाललेली पेटी चर्चमध्ये का चालू नये? माझी पहिली शंका हवेवर होती. चर्चला पत्र्याचं छप्पर आहे, मार्चमध्ये दुपारी आतलं लाकूड अक्षरशः तडकतं. पण सुकलेलं लाकूड आकसतं, काडी भोकात सैल होते. अडकायला ती फुगायला हवी. म्हणजे कारण उलट्या दिशेचं होतं. दुसरी शंका टेम्पोच्या धक्क्यांची. पण तसं असतं तर आणखी पाच-दहा सूर बिघडले असते. बिघडले होते फक्त दोन, तेही शेजारचे.

पुढच्या शनिवारी परत गेलो. काड्या नव्या केल्या, बांबूच्या, मूळ मापाच्या. (जुन्या काडीला वरून कागदाची चकती चिकटवून उंची परत आणता येते, पण ती चकती वर्षभरात दबते.) बसवल्या. ई आणि एफ दोन्ही परत आपोआप बोलू लागले. मी चर्चच्या शहाबादी फरशीवर मांडी घालून बसलो होतो. शेजारी रविवारसाठी झाडलोट करायला आलेल्या एक आजी होत्या. ही पेटी त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आरं बाळा, हिच्याखाली पाचर व्हती. ती कुठं गेली?”

पाचर.

दुसरी नोंद वाचलेल्यांना आठवेल, पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा आतून काय काय निघालं त्याची मी यादी दिली होती. उंदरांचं घर, डांबराच्या गोळ्या, गीतांच्या पुस्तकाची फाटकी पानं, आणि ‘मागच्या पायाला खिळ्याने ठोकलेला लाकडाचा एक निरर्थक तुकडा’. हे शब्द माझेच आहेत. तो तुकडा मी काढून टाकला होता. कुणीतरी या फरशीवर, याच कोपऱ्यात पेटी उभी करून, कान लावून, तो तुकडा तासून तिथे ठोकला होता, आणि त्याचं काम न समजताच मी तो फेकून दिला.

आम्ही ताबडतोब करून बघितलं. चर्चचं काम बघणाऱ्या मामांनी पेटीची मागची उजवी बाजू पहारेने जरा उचलली. मी घडी घातलेलं वर्तमानपत्र खाली सरकवलं. दोन्ही सूर थांबले. कागद काढला, सुरू झाले. परत घातला, थांबले. आजींनी टाळ्या वाजवल्या. मी सहा वेळा करून बघितलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

कारण आता स्पष्ट आहे. त्या कोपऱ्यातली फरशी खचलेली आहे. पेटीचे तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी राहतो. पायडलवर वजन पडलं की सगळा साचा त्या बाजूला पिळवटतो. पट्ट्यांची चौकट आणि मधली फळी यांच्यात केसभर अंतर कमी होतं आणि नेमक्या मधल्या दोन पट्ट्या काड्यांवर टेकतात. हॉस्टेलच्या जिन्याखाली सपाट टाईल होती, म्हणून तिथे काहीच नाही. पेटी जिथे वाजणार तिथेच तिची शेवटची दुरुस्ती करायची, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

पण प्रकरण इथे थांबलं नाही. साचा इतका पिळवटतो तरी का? पेटी उचलली तेव्हा मामांना मागच्या खांबाच्या सांध्यात फट दिसली. नखाची कड आत जाते. आत पूर्वीच्या कुणीतरी सुताराचा पांढरा गम भरलेला आहे, जुन्या सरसाच्या (जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाच्या) थरावर. दोन्ही एकमेकांना धरत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. अशा वाद्यात सांध्यांना सरसच वापरावा. गरम पाण्याच्या फडक्याने तो पन्नास वर्षांनीही सुटतो, पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला लाकूड फाडावं लागत नाही. पांढरा गम सुटत नाही, आणि सुटला तर लाकूड घेऊन येतो.

म्हणून आता पाचर ही तात्पुरती सोय. आधी सांधा उघडून, खरवडून, सरसाने परत जोडायचा. सरस रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर वितळवायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की ताकद जाते. हॉस्टेलच्या मेसमध्ये त्या वासाला परवानगी मिळणार नाही, तेव्हा मामांच्या चुलीवरच. शिकंजे नेणं जड आहे. सुती दोरीला काठीने पीळ देऊन सांधा आवळता येईल.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, फरशी कशीही असो. पेटीखाली सागवानाची एक चौकट केली, तिला पुढे दोन आणि मागे मधोमध एक असे तीनच टेकू दिले, तर पाचरीची गरजच उरणार नाही. पेटी पुढे कुठेही हलवली तरी साचा सरळ राहील. मागची बाजू भिंतीला लागून असते, त्यामुळे कलंडायची भीती कमी. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात तुकड्यांमधलं लाकूड मिळेल. कुणी असं केलं असेल तर चौकटीची जाडी किती ठेवली ते सांगा. सांध्याच्या आधी चौकट करावी असंही आता वाटतंय, कारण सांधा आवळताना पेटी सपाट उभी हवी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सूर खाचेतून ओढून काढायचा आकडा (हूक) जुन्या हॅकसॉच्या पात्यातून घासून केला, तो उत्तम चालतो. या पेटीचे सूर स्क्रूने बसवलेले नसतात, खाचेतून सरळ ओढून काढता येतात, ही केवढी सोय. खर्जाच्या शेवटच्या सप्तकातले अकरा सूर धुळीने मुके होते, ते सगळे बोलतात. सर्वात खालचा सूर पहिल्यांदा बोलला तेव्हा जिन्याच्या कठड्याला थरथर जाणवली. तो क्षण मी विसरणार नाही.

स्वरजुळणीत माझ्या रूममेटने खूप मदत केली. तो नागालँडचा, लहानपणापासून डो-रे-मीच्या अक्षरलिपीवर चार आवाजांत गात आलेला. दोन सूर एकत्र वाजवले की त्यांच्यातली लाट, म्हणजे आवाजाचं कमी-जास्त होणं, तो मोजून सांगतो. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन कंपनांचा फरक. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो, एवढंच तंत्र, पण प्रत्येक खरवडीने पितळ कायमचं जातं. ‘ए’ हा सूर सेकंदाला ४४० कंपनांवर, हे आजचं प्रमाण. ही पेटी त्यापेक्षा चढी आहे, ए साधारण ४४६ वर. ती ४४० वर आणायचा विचार मी सोडून दिला. १२२ सुरांचं पितळ आपल्या सोयीसाठी का कमी करावं? तबला चढवता येतो. गावातल्या तबलजीने बघून सांगितलं, चढवतो.

माझा प्रबंध रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांवर आहे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला राहून ख्रिस्ती उपासनेत भजनाची चाल आणली. पायपेटीवर त्यांची पदं वाजवताना मला सतत एक अडचण जाणवते. पट्टीवरचा सूर ठरलेला, आणि भजनातला गळा दोन सुरांच्या मधून जातो. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला (हार्मोनियमला) दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत बंदच राहिलं. मला वाटतं, भजनात पेटीने सूर धरून ठेवावा आणि वळणं मंडळींच्या गळ्यावर सोडावीत. भाषांतरित गीतांना मात्र चारही आवाज पूर्ण वाजवावेत, ती त्यासाठीच रचलेली आहेत. प्रबंधात हे एका परिच्छेदात आलं आहे. मार्गदर्शक सरांनी तो ठेवायला सांगितलं, याचा फार आनंद झाला.

पुढचे दिवस घाईचे. प्रबंध बांधायला दिला आहे. शेवटचा पेपर बुधवारी. नेमणुकीचं पत्र अजून आलेलं नाही. ते कुठल्या गावचं असेल सांगता येत नाही, पण ही पेटी तिथे येणार नाही, ती या मंडळीची आहे. म्हणून ती माझ्याशिवाय चालली पाहिजे. दहावीतली एक मुलगी दर शनिवारी शेजारी बसते. तिला मी आकडा कसा लावायचा, काडी कशी काढायची हे दाखवलं आहे. पट्टी नखाने उचलून बघायची परीक्षा तिला आता माझ्याआधी सुचते.

शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. मला पाचवा आहे, ‘मला तहान लागली आहे.’ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, ‘दिप्सो’. त्यावर दहा मिनिटं बोलायचं आहे, आणि प्रत्येक उद्गारानंतर एक गीत. म्हणजे तीन तास पेटी चालणार, मध्ये मध्ये पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत ई बोलता कामा नये.

मामांनी बाभळीची नवी पाचर तासून ठेवली आहे. ती मागच्या उजव्या पायाला स्क्रूने लावणार, खिळ्याने नाही. आणि तिच्यावर खडूने नव्हे, कोरून लिहिणार: ‘काढू नये’.

गुरुवारी रात्री वाकडेवाडीहून एस.टी. पकडतोय. सरस, दोरी, बांबूच्या चार जास्तीच्या काड्या आणि ते मेंढीचं कातडं बॅगेत भरलं आहे. सांधा जोडल्यावर किती तास पेटीला हात लावू नये, यावर अनुभवी लोकांनी बुधवारपर्यंत सांगितलं तर बरं होईल. मी चोवीस धरून चाललो आहे, पण शुक्रवारी बाराला उपासना आहे. तेवढा वेळ नसेल तर सांधा ईस्टरनंतर, आणि तोपर्यंत पाचर.