अलास्काची क्रूझ: आधी महिना, मग मार्ग, जहाज सगळ्यांत शेवटी

सिॲटलच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा यायचे ठरले की अलास्काच्या क्रूझचा विषय निघतोच. जहाज इथूनच सुटते, दगदग फारशी होत नाही आणि खोलीत सामान एकदा लावले की आठवडाभर हलवावे लागत नाही, त्यामुळे वयस्क मंडळींसाठी ही सहल सोयीची आहे यात शंका नाही. मात्र बहुतेक ठिकाणी निवडीची सुरुवात जहाजापासून होते: कोणते जहाज नवे आहे, त्यावर खाण्यापिण्याची किती ठिकाणे आहेत, रात्रीचे कार्यक्रम कसे असतात. ज्या डोंगरांसाठी, हिमनद्यांसाठी आणि देवमाशांसाठी आपण एवढा खर्च करतो ते सगळे जहाजाच्या बाहेर असते, म्हणून आधी महिना ठरवावा, मग मार्ग, आणि जहाजाचा विचार सगळ्यांत शेवटी करावा, असे माझे ठाम मत आहे.

हंगाम एप्रिलच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. जहाजे जिथे जातात तो आग्नेय अलास्का म्हणजे घनदाट, ओल्या अरण्यांचा किनारा आहे. तिथल्या केचिकन गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ रत्नागिरीइतका. फरक एवढाच, की रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि केचिकनचा वर्षभर चालू राहतो. त्यातल्या त्यात मे आणि जून हे महिने कोरडे, तर सप्टेंबरपासून पाऊस वाढत जाऊन ऑक्टोबरमध्ये सर्वाधिक होतो. म्हणूनच मला मेचा उत्तरार्ध सर्वांत आवडतो. डोंगरांवर बर्फ अजून खालपर्यंत उतरलेले असते, ते वितळू लागल्याने कड्याकड्यांवरून पाणी कोसळत असते, हवाई बेटांकडे हिवाळा घालवलेले कुबडे देवमासे परत आलेले असतात, आणि जुलैच्या मानाने भाडेही सहसा कमी असते. जहाजे थांबतात त्या जूनोसारख्या गावात दुपारचे तापमान दहा-पंधरा अंशांच्या घरात असते. स्वेटर, त्यावर पावसाचे जाकीट आणि कानटोपी एवढ्यावर भागते.

मेमध्ये काही गोष्टी मिळत नाहीत, हेही आधीच समजून घ्यावे. सॅमन मासे नद्यांमध्ये चढतात ते मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे ओढ्यात उभे राहून मासे पकडणारे अस्वल पाहण्याची ज्यांची इच्छा आहे त्यांनी जुलैच्या अखेरीस जावे. उंचावरच्या पायवाटा मेमध्ये बर्फाखाली असतात. हबर्ड हिमनदीसमोर हंगामाच्या सुरुवातीला तरंगत्या बर्फाची इतकी गर्दी असते, की जहाजाला पुष्कळदा दूर थांबावे लागते. रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत उत्तर प्रकाश पाहण्यासाठी मात्र ही क्रूझ ठरवू नये. उन्हाळ्यात रात्र पुरती काळोखी होत नाही, आणि सप्टेंबरमध्ये ती काळोखी झाली तरी आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते. शाळकरी मुले बरोबर असतील तर मे शक्य नाही, कारण इथल्या शाळा जूनच्या मध्यानंतरच सुटतात. अशा घरांनी ऑगस्टपर्यंत न थांबता जूनचा शेवटचा आठवडा साधावा.

मार्गाच्या बाबतीत एक गोष्ट जाहिरातींत सहसा स्पष्ट केलेली नसते. सिॲटलहून निघणारी बहुतेक जहाजे कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून वर जातात. पहिला पूर्ण दिवस चहूकडे नुसते पाणी असते आणि ज्यांना बोट लागते त्यांना तो जड जातो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून सुटणारे जहाज मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या शांत पाण्यातून जाते, दोन्ही बाजूंना देवदार-स्प्रूसची जंगले जवळून सरकत राहतात, आणि वाटेत सेमूर नॅरोज ही अरुंद सामुद्रधुनी लागते. तिथे भरती-ओहोटीची ओढ इतकी प्रचंड असते, की मोठ्या जहाजांना पाणी स्थिरावण्याची वेळ गाठून जावे लागते. पूर्वी तिथे पाण्याखाली एक घातक खडकही होता, तो १९५८ मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आला. सिॲटलहून व्हँकुव्हर गाडीने तीन-चार तासांवर आहे. तेवढा प्रवास करून तिथून जहाज धरणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

कॅनडाचा व्हिसा दोन्ही मार्गांवर लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून पुन्हा त्याच बंदरात प्रवासी उतरवायचे असतील, तर वाटेत परदेशी बंदरात थांबावे लागते. म्हणूनच सिॲटलची जहाजे बहुधा शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. आई-बाबांच्या कॅनडाच्या व्हिसाचे काम ते भारतात असतानाच उरकावे, कारण त्यासाठी बोटांचे ठसेही द्यावे लागतात.

मार्ग निवडताना माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो तो ग्लेशियर बेचा. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि त्यांतले बरेचसे परवाने हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या दोन कंपन्यांकडे आहेत. इतर जहाजे एंडिकॉट आर्मसारख्या चिंचोळ्या खाडीत नेतात. ती जागाही देखणी आहे, पण ग्लेशियर बेमध्ये जवळजवळ अख्खा दिवस मिळतो. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर दोराच्या शिडीने चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देत राहतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतली माणसे इथे आली तेव्हा हा उपसागर म्हणजे किनाऱ्यातली एक खाच होती, बाकी सगळा बर्फ. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर आले तोवर बर्फ साठ किलोमीटरहून अधिक मागे गेले होते, आणि आज जहाज सुमारे शंभर किलोमीटर आत जाते. बर्फाने व्यापलेल्या या भूमीवर त्याआधी हुना ट्लिंगिट या मूळ रहिवाशांची वस्ती होती आणि पुढे सरकणाऱ्या हिमनदीमुळे त्यांना गाव सोडावे लागले. मी आई-बाबांबरोबर गेले होते तेव्हा रेंजर हे सांगत असताना डेकवरच्या गप्पा आपोआप थांबल्या होत्या.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबते आणि जागच्या जागी हळूहळू वळते, त्यामुळे खोली कोणत्या बाजूची आहे याला तिथे महत्त्व राहत नाही. पाण्यावर सुमारे पंचाहत्तर मीटर उंच आणि दीड किलोमीटर रुंद अशी ती भिंत आहे. तिला लागूनच ग्रँड पॅसिफिक ही दुसरी हिमनदी आहे, पण ती दगडमातीने इतकी माखलेली आहे, की सांगितल्याशिवाय कोणी तिला बर्फ म्हणणार नाही. आम्ही पहिला कडाडण्याचा आवाज ऐकून मान वळवली, तोवर कडा पाण्यात कोसळून नुसत्या लाटा उरल्या होत्या. आवाज पोहोचायला वेळ लागतो, हे बाबांच्या लगेच ध्यानात आले. त्यानंतर आईने शाल घट्ट लपेटली, दुर्बीण घेतली आणि जिथून लहान-लहान तुकडे गळत होते त्याच एका निळ्या भेगेवर नजर लावून ती बसली. पुढचा मोठा कडा सुटताना तिने अगदी पहिल्या क्षणापासून पाहिला. शेजारची जॉन्स हॉपकिन्स खाडी मात्र मे ते ऑगस्ट मोठ्या जहाजांना बंद असते, कारण तिथे तरंगत्या बर्फावर सील माद्या पिलांना जन्म देतात. ती पाहायचीच असेल तर सप्टेंबरचा पाऊस पत्करावा लागतो.

जहाजाविषयी थोडक्यात सांगते. मध्यम आकाराचे, भोवती फिरता येईल असा उघडा डेक असलेले जहाज घ्यावे. काही जहाजांवर हिमनदीच्या दिवशी पुढच्या टोकाचा, एरवी बंद असणारा डेकही उघडतात. तरुणांनी आतली स्वस्त खोली घेऊन दिवस बाहेर काढावा, पण वडीलधाऱ्यांसाठी बाल्कनीचे पैसे सार्थकी लागतात, कारण बोचऱ्या वाऱ्यात त्यांना पाच मिनिटे बाहेर आणि दहा मिनिटे आत असे करता येते. बोट लागण्याची भीती असल्यास खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. शाकाहारी जेवणाची, विशेषतः जैन जेवणाची, नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी आणि पहिल्याच संध्याकाळी भोजनगृहाच्या प्रमुखांना भेटावे. मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आदल्या रात्रीच सांगून ठेवता येते.

ज्यांना सेवासुविधांची गरज वाटत नाही त्यांच्यासाठी अलास्का मरीन हायवे ही सरकारी फेरीसेवा आहे. १९६३ पासून चालणाऱ्या या बोटी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून निघतात, किनाऱ्यावरच्या गावांना जोडत जातात आणि त्यांवर लोक वरच्या डेकवर आरामखुर्च्यांत किंवा चक्क तंबू ठोकून झोपतात. मी ती आई-बाबांना सुचवणार नाही. पाठीवर पिशवी टाकून निघणाऱ्यांना मात्र आवर्जून सुचवते.

आणि आई-बाबांचा वैद्यकीय विमा काढताना तो जहाजावरच्या उपचारांना आणि तातडीने रुग्णालयात हलवण्याच्या खर्चाला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. जहाजावरच्या दवाखान्याचे बिल डॉलरमध्ये येते, आणि जूनोला पोहोचण्यासाठी बाहेरून रस्ताच नसल्यामुळे गंभीर रुग्णाला तिथून विमानानेच हलवावे लागते.