खांद्यापुढची गाठ

जूनमधल्या एका उकाड्याच्या सकाळी बडोद्याच्या वाघोडिया रस्त्याकडील एका मराठी कुटुंबाच्या गोठ्यातून मला बोलावणे आले. संकरित गायीला चार दिवस १०६ अंशांच्या आसपास ताप होता आणि आधी दिलेल्या प्रतिजैविकांनी तो उतरला नव्हता. "डॉक्टर, कालपासून रवंथही करत नाही हो ती," काकू म्हणाल्या. कासेजवळ हात फिरवताच बोटांना गोचिडी लागल्या, आणि उजव्या खांद्यापुढची लसीकाग्रंथी मोसंब्याएवढी सुजलेली होती.

रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत एखाददुसराच संशयास्पद ठिपका दिसला. तेवढ्यावर निदान करायला मन धजेना, म्हणून ग्रंथीत सुई घालून थेंबभर द्रव काढला आणि गिम्सा या रंगद्रव्याने रंगवला. तेलाच्या भिंगाखाली पांढऱ्या पेशींच्या आत निळसर पुंजके आणि त्यांत जांभळ्या ठिपक्यांची रास दिसली: रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे निळे पिंड, म्हणजे थायलेरिया या परजीवीची पांढऱ्या पेशींतली अवस्था. त्यांतली एक पेशी मी बराच वेळ पाहत राहिलो. ती विभागत होती, गुणसूत्रांचे दोन गट दोन टोकांना सरकले होते आणि परजीवीचा पुंजका त्यांच्यामध्ये दोन्हीकडे ताणला गेला होता.

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना तिच्याच आवरणाची पिशवी स्वतःभोवती घेतो, तिच्यातच वाढतो आणि अखेर पेशी फोडून बाहेर पडतो. गोचिडीच्या लाळेतून आलेला थायलेरिया मात्र पांढऱ्या पेशीत शिरल्यावर काही मिनिटांतच ते आवरण विरघळवून पेशीद्रवात मोकळा होतो, तिला कर्करोगाच्या पेशीसारखे सतत विभागायला लावतो आणि विभाजनाच्या धाग्यांना चिकटून दोन्ही लेकपेशींत वाटला जातो. गाठ सुजते ती यामुळेच. पुढे यातूनच निघालेले परजीवी तांबड्या पेशी गाठतात आणि जनावर पांढरेफटक पडते. ती वेळ येण्याआधी औषध पोहोचणे मला महत्त्वाचे वाटत होते.

गायीचे वजन अंदाजे ३२० किलो धरून, किलोमागे २.५ मिलिग्रॅमप्रमाणे ब्युपार्वाक्वोनचे १६ मिलिलिटर मानेच्या स्नायूत दोन जागी विभागून दिले. हे औषध परजीवीला मारते, आणि तो मेला की प्रयोगशाळेतल्या संवर्धनात त्या पेशींचे अनिर्बंध विभाजनही थांबते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

तिसऱ्या दिवशी ताप १०२ वर आला होता आणि गाय गव्हाणीत तोंड घालून उभी होती. गोठ्यातल्या दोन कालवडींना लस टोचायचे त्याच दिवशी ठरले. याच परजीवीने ग्रासलेल्या पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवून, त्याला मवाळ करून ती लस बनवतात, हे ऐकून काकूंनी लस टोचायची तारीख गोठ्यातल्या दिनदर्शिकेवर लिहून घेतली.