न्यूरोची तपासणी हातात कशी बसली

वॉर्डात केस वाटून घ्यायची वेळ आली की न्यूरोची, म्हणजे मेंदू आणि नसांची, केस नेहमी शेवटपर्यंत उरायची. छातीला स्टेथो लावला की काहीतरी ऐकू येतं, पोटावर हात ठेवला की काहीतरी हाताला लागतं. इथे मात्र उच्च मानसिक कार्यं, बारा क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसा), मोटर (हालचाल), सेन्सरी (संवेदना), रिफ्लेक्स (ठोका दिल्यावर आपोआप होणारी हालचाल), लघुमेंदू, चाल अशी मारुतीच्या शेपटासारखी यादी. मी ती पाठ केली होती, पण ती कशासाठी म्हणायची हेच उमगत नव्हतं.

ते उमगलं आमच्या सरांच्या एका सवयीमुळे. बेडजवळ आल्यावर ते ‘काय झालंय’ असं कधीच आधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘कुठे झालंय?’ मेंदूत, ब्रेनस्टेममध्ये (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या देठात), मज्जारज्जूत, नसेत, नस स्नायूला जिथे मिळते तिथे, की खुद्द स्नायूत? एवढं डोक्यात ठेवून तपासायला लागलं की यादीतली प्रत्येक चाचणी यातली एखादी जागा खोडत जाते किंवा पक्की करत जाते. मग क्रम आपोआप लक्षात राहतो.

एक पेशंट सांगते. सत्तरीच्या आसपासचे आजोबा, तक्रार एवढीच की आठवड्याभरापासून उजव्या हातातून वस्तू निसटतात. आठवड्याभरापासून, म्हणून मला सावकाश तपासायला वेळ होता. हेच अचानक, तासा-दोन तासांपूर्वी झालं असतं तर इतकं सविस्तर तपासत बसणं चूक ठरलं असतं. तिथे झटपट मोजकं तपासायचं आणि पेशंट स्कॅनला पाठवायचा, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आजोबा चालत आले तेव्हाच मी तपासायला सुरुवात केली होती. चालताना डावा हात झुलत होता, उजवा अंगालगत राहत होता. खुर्चीत बसताना त्यांनी डाव्या हाताचा आधार घेतला. मग गप्पा. काय होतं, कधी सुरू झालं, घरी कोण असतं. हे विचारतानाच बोलणं स्पष्ट आहे का, शब्द सापडतात का, सांगितलेलं समजतं का, हे सगळं कळतं.

क्रेनियल नर्व्हपैकी पहिली, म्हणजे वासाची, तक्रार नसेल तर बहुतेक जण सोडून देतात, मीही सोडते. बाहुलीवर टॉर्च टाकताना मात्र घाई करत नाही. एका डोळ्यावर प्रकाश टाकला की दोन्ही बाहुल्या आकसायला हव्यात. प्रकाशाची खबर दुसरी नर्व्ह आत नेते आणि आकसण्याचा हुकूम तिसरी बाहेर आणते. मग चेहरा. ‘आजोबा, भुवया वर करा. आता डोळे गच्च मिटा. आता दात दाखवा.’ कपाळावर आठ्या दोन्हीकडे सारख्या पडल्या, पण दात दाखवताना उजवा कोपरा किंचित मागे राहिला. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून पुरवठा असतो, त्यामुळे दोष वर मेंदूत असेल तर कपाळ वाचतं. चेहऱ्याच्या नसेतच दोष असता तर कपाळही गेलं असतं. तेवढ्यात एक जागा खोडली गेली.

टोन, म्हणजे सैल सोडलेल्या स्नायूतला ताण, तपासणं मला सगळ्यात अवघड गेलं. ‘हात सैल सोडा’ म्हटलं की माणूस हात सैल सोडत नाही, उलट आपल्याला मदत करायला लागतो. आपण कोपर वाकवायच्या आत तोच वाकवतो. यावर उपाय एकच, दुसरीकडे लक्ष वेधणे. मी त्यांना नातवंडांची नावं विचारली आणि तेवढ्यात मनगट, कोपर हलवून पाहिलं. उजवीकडे थोडा अडथळा लागत होता.

पॉवर, म्हणजे स्नायूंची ताकद, शून्य ते पाच अशी मोजतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता आला पण आपला विरोध अजिबात पेलवला नाही तर तीन, विरोध थोडाफार पेलवला तर चार, पुरेपूर पेलवला तर पाच. चार हा आकडा फार ऐसपैस आहे, त्यात काहीही बसतं. आजोबांचे दोन्ही हात माझ्या जोराला पुरून उरले. माझ्यापेक्षा त्यांच्यातच ताकद जास्त. पाचाला पाच लिहावं असंच वाटत होतं. मग त्यांना दोन्ही हात समोर करून तळवे वर, डोळे मिटून तसंच धरायला सांगितलं. पहिली काही सेकंदं काहीच नाही. नंतर उजव्या हाताची करंगळी हलकेच बाहेर सरकली, तळवा आतल्या बाजूला वळायला लागला आणि हात हळूहळू खाली आला. आजोबांना पत्ताच नव्हता. ‘दोन्ही हात सारखे आहेत ना?’ विचारलं तर म्हणाले, ‘हो डॉक्टर, एकदम सारखे.’ याला प्रोनेटर ड्रिफ्ट म्हणतात. रेटारेटीत जी कमजोरी लपते ती इथे उघडी पडते, त्यामुळे वेळ कितीही कमी असला तरी एवढं मी करतेच.

रिफ्लेक्स तपासायच्या हॅमरबद्दल थोडक्यात. तो डोक्याकडे घट्ट धरून टोचायचा नसतो. दांड्याच्या टोकाला धरून स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा. रिफ्लेक्स मिळालाच नाही तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगायचं आणि त्याच क्षणी ठोका द्यायचा. बऱ्याचदा तेवढ्यावर निघतो. रिफ्लेक्स जोरात आहे की नाही हे एकट्या बाजूवरून ठरवू नये. काहींचे मुळातच उड्या मारणारे असतात. आजोबांचे उजवीकडचे डावीपेक्षा ठळक होते, महत्त्व त्या फरकाला.

तळपायाची चाचणी बाबिन्स्कीने 1896 मध्ये मांडली. टाचेपासून बाहेरच्या कडेने वर येत चवड्यावरून आत वळायचं, आणि नजर अंगठ्यावर. त्याची पहिली हालचाल तेवढी खरी. गुदगुल्यांनी पाय झटकला तर त्याला उत्तर समजू नये. आधी सांगून, सावकाश, पुन्हा करावं. डावा अंगठा खाली गेला, जायला हवा तसा. उजवा संथपणे वर उचलला गेला, म्हणजे मेंदूकडून खाली येणाऱ्या मार्गात दोष.

सेन्सरी हा कंटाळवाणा भाग, आणि पेशंट दमलेला असेल तर उत्तरांवर विसंबताही येत नाही. थरथरणारा ट्यूनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर ठेवून ‘जाणवतंय का?’ विचारलं की निम्मे लोक गार लागल्याचंच सांगतात. म्हणून आधी छातीच्या हाडावर ठेवून थरथर म्हणजे काय ते दाखवते, मग मध्येच गुपचूप थांबवून पाहते. पायाच्या अंगठ्याची दिशा विचारताना तो दोन्ही कडांनी धरायचा. वरून-खालून धरलं तर दाबावरूनच उत्तर कळतं. आजोबांच्या संवेदना दोन्हीकडे सारख्या निघाल्या. नाकाला बोट लावताना उजवा हात हळू होता, पण नेम चुकत नव्हता, म्हणजे लघुमेंदूवर संशय नको. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करताना मी शेजारी हात पसरून उभी होते. तोल जाऊ शकतो अशा माणसाला दुरून तपासू नये.

सरांनी विचारलं, ‘कुठे?’ चेहऱ्याचा खालचा भाग आणि हात, दोन्ही उजवीकडे, पाय जवळपास शाबूत, रिफ्लेक्स वाढलेले, अंगठा वर. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून मी म्हटलं, ‘मेंदूत, डावीकडे, चेहऱ्याच्या नर्व्हच्या केंद्रकाच्या वर’, म्हणजे ती नर्व्ह ब्रेनस्टेममध्ये जिथून निघते त्या जागेच्या वर. स्कॅनमध्ये तिथेच रक्तपुरवठा तुटल्याची छोटी खूण होती.

त्या दिवसापासून केसपेपरवर नुसतं ‘पॉवर ५/५’ लिहून मी थांबत नाही. खाली ड्रिफ्ट आहे की नाही, असल्यास कोणत्या बाजूला, तेही लिहिते. दुसऱ्या दिवशी राउंडला येणाऱ्याला कालच्याशी ताडून पाहायला तेच लागतं.