पान 51 वरचा मालकंस

कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, हे रोजचं काम. स्वरलिपीचं, म्हणजे गाण्याचे स्वर खुणांनी लिहून दाखवणारं, पुस्तक सहसा कुणी घेत नाही. एका पानाला अर्धा दिवस जातो आणि दर साध्या पानाचाच मिळतो. गुरुजींचं मी घेतलं ते त्यांच्या वह्या बघून. सात वह्या, 1968 पासूनच्या, आणि प्रत्येक कोमल, म्हणजे उतरलेल्या, स्वराखालची रेघ पट्टी लावून ओढलेली.

गुरुजी हायस्कुलात संगीत शिकवायचे. शाळा सुटली की शिकवण्या, भजनी मंडळाची साथ, आणि रात्री बंदिशी बांधायच्या. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना इथं आणलं तेव्हापासून या गावात गाणं समोर बसूनच घ्यायचं, कागदावर नाही, अशी रीत. गुरुजींचे गुरूही लिहू द्यायचे नाहीत. म्हणून हे घरी येऊन गुपचूप लिहायचे. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी म्हणाले, "आता शिकायला कोण येत नाही ताई, छापूया." पेन्शनीतून तीनशे प्रती.

स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म्हणजे चढ्या मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्या तारसप्तकाला वर टिंब. एका मात्रेत दोन स्वर आले तर खाली चंद्रकोर, म्हणजे कोमल गंधाराखाली रेघ आणि तिच्याखाली कोर, आणि दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नयेत. नेहमीच्या फॉन्टात हे बसत नाही. मी त्यासाठी वेगळा फॉन्ट तयार करून घेतला होता. तो लावून ग ची नेहमीचीच कळ दाबली की रेघेसकट ग उमटायचा. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या खणांत एकाखाली एक आल्या की पान इतकं देखणं दिसायचं की मी लाईट घालवायच्या आधी एकदा बघून घ्यायची.

चूक शेवटच्या दिवशी झाली. चौथ्या फर्म्यात, म्हणजे पान 49 ते 64 मध्ये, गुरुजींनी अंतऱ्यातला एक शब्द बदलला. बाकी सगळं मी पीडीएफ करून दिलं होतं, त्यात फॉन्ट फाईलच्या आतच जातो. तेवढा फर्मा घाईत उघड्या फाईलमध्येच पाठवला, म्हटलं छापखान्यातला पोरगा एक शब्द दुरुस्त करील. त्याच्या मशीनवर माझा फॉन्ट नव्हता. मशीननं आपला साधा फॉन्ट घातला, त्यानं शब्द बदलून सेव्ह केलं आणि प्लेट काढली. रेघा, टिंबं, सगळं गेलं. मी मशीनप्रूफ, म्हणजे छपाई सुरू होतानाचा पहिला कागद, बघायला गेले नाही. ते माझं काम होतं.

प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतेय तोवर गुरुजी पायरीवर बसलेले. पुस्तक टेबलावर ठेवलं, पान 51 काढलं, म्हणाले, "ऐका." आणि छापलंय तसं गायले. मालकंस रागाचे गंधार, धैवत, निषाद, म्हणजे ग, ध, नि, कोमल. रेघा पुसल्या की तिन्ही शुद्ध होतात आणि सा ग म ध नि उरतात. तो भिन्नषड्ज राग. शब्द तेच, ताल तोच, आणि राग दुसराच. मग डोळे मिटून तीच बंदिश मालकंसात गायले. सहा महिने मी ती ओळ टाईप करत होते, प्रूफं तीनदा वाचली होती, पण ऐकली पहिल्यांदाच. मी रडले. ते काही बोलले नाहीत.

छापखान्याचे मालक म्हणाले, "वर मालकंस लिहिलंय ओ, गाणाऱ्याला कळतंय की." हे मला अजून सहन होत नाही. मालकंस कळेल. तोडी शुद्ध स्वरांत दिसली तर तीही कळेल. भूपात विकृत, म्हणजे कोमल किंवा तीव्र, स्वरच नाहीत, त्याची फक्त टिंबं गेली. पण पान 58 वर गुरुजींनी स्वतः दोन राग जोडून केलेला जोडराग आहे, त्यात शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार, दोन्ही निषाद. तो दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नाही आणि त्यांच्याशिवाय कुणी गात नाही. तिथं कुठला ग कोमल हे सांगणारी एवढी एक रेघच होती. आमच्या धंद्यात अशा रेघेला कुणी मजकूर समजत नाही, मशीनवरचा डाग समजतात.

शेवटी बांधणी उसवून तो फर्मा पुन्हा छापला. अर्धा खर्च मी दिला, अर्धा छापखान्यानं, कुरकुर करत. पण प्रकाशनाला अकरा प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यातल्या नऊ घरोघर जाऊन बदलून आणल्या. दोघांचा पत्ता लागत नाही. रोख पैसे देऊन घेतलेल्या, नावं लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

त्यातली एक तुमच्याकडे असेल तर पान 51 उघडा. ग, ध आणि नि, जिथं दिसतील तिथं खाली रेघ ओढा, पेन्सिलीनं चालेल. पान 58 वर मात्र अंदाजानं काही करू नका. दुकानात या, नाहीतर इथं खाली लिहा. गुरुजींच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवते.